उघडी ठेवलेली जखम

१

सकाळी बापाचा पाय आणि दहाच्या पुढं कॉलेजातली समुद्रफुलं, असा महामायाचा तो पावसाळा चालला होता. एकीकडं जखम भरावी म्हणून जीव टाकायचा आणि दुसरीकडं धडधाकट जिवाला मुद्दाम जखम करून बघत बसायचं. कोणी ऐकलं तर म्हणेल, बाई गं, हे काय थेर! पण पीएच.डी.ला नाव घातलं की माणूस काय काय करतो, ते घरच्यांनाच ठाऊक.

तिचे वडील पुंजाजी पिंपळगाव राजा या गावचे. नोकरी पोस्टमनची, त्यामुळं उभा जन्म सायकलवर आणि पायी गेला. बायको वारली, पोरीनं लग्नाचं नाव काढलं नाही, घरात दोघंच. त्यात साखरेनं पाय बधिर केले. उजव्या टाचेत बाभळीचा काटा घुसला तो या गृहस्थाला कळलासुद्धा नाही. कळलं तेव्हा टाचेला बोटाचं पेर मावेल एवढं भोक पडलं होतं.

खामगावच्या डॉक्टर मंजुश्रीबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, "पोळ्यापर्यंत जखम भरून आली नाही तर घोट्याच्या वरून पाय काढावा लागेल. आणि एक लक्षात ठेवा, ती वरून बुजू द्यायची नाही. आत पू कोंडला तर मग घोट्यावरही भागणार नाही."

म्हणून रोज सकाळी महामाया सलाईनच्या पाण्यानं जखम धुवायची, चिमट्यानं जाळीच्या कापडाची पट्टी आत सरकवायची, म्हणजे तोंड उघडं राहतं, आणि वरून पट्टा गुंडाळून आपल्या हातची गाठ मारायची. पुंजाजी तेवढा वेळ छताकडं बघत राहायचे.

"दुखते का बाबा?"

"दुखलं असतं तं बरं झालं असतं," ते म्हणायचे. "माहा पाय हाये असं तरी वाटलं असतं."

पाय सदा थंड. आषाढातल्या उकाड्यातही हाताला गार लागायचा.

२

खामगावच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या मागच्या खोलीत काचेच्या वाट्या मांडलेल्या होत्या. त्यांत समुद्रफुलं. नाव फूल, पण प्राणी. खाडीच्या चिखलात राहणारा, बोटाच्या पेराएवढा, दुधाच्या सायीसारखा पातळ. मधोमध तोंड आणि भोवती बारीक हातांची झालर. समुद्र बुलढाण्यापासून कुठल्या कुठं, पण मीठ घातलेल्या पाण्यात हे जीव सुखात नांदत होते.

महामायाचा विषय एवढाच, की कोणत्या जखमेतून काय उगवतं. सुईनं टोचलं तर दुसऱ्या दिवशी मागमूस राहायचा नाही. चिरडलं तर थोडं सडून गळायचं, उरलेलं हळूहळू सावरायचं. ब्लेडनं आडवं कापलं, की वरच्या तुकड्याला खालचं अंग फुटायचं आणि खालच्याला वरचं, एकाचे सरळ दोन व्हायचे. चौथी तऱ्हा, वाट्यांच्या चौथ्या रांगेतली, मात्र तिची स्वतःची. बाजूला छोटी चीर द्यायची आणि ब्रशचा एक केस आत अडकवून ती मिटूच द्यायची नाही. जखमेला वाटायचं आता मिटू, मग मिटू, आणि मिटायला मिळत नाही म्हटल्यावर तिच्या कडेला बारीक हात फुटायचे. हातांच्या मधोमध तोंड.

"एक तोंड भरता भरता नाकी नऊ येतात, तू दुसरं काऊन उगवून राह्यली?" झेबा म्हणायची. झेबा तिच्याच खोलीत गोगलगायींवर काम करणारी, जिभेला हाड नसलेली मैत्रीण.

त्या खोलीत बाटल्यांची चैन नव्हती. शेजारच्या दवाखान्यातून सलाईनच्या रिकाम्या बाटल्या आणायच्या, धुवायच्या आणि त्यांतच खारं पाणी भरायचं, ही रीत जुनी. पुंजाजींच्या पायासाठीची भरली सलाईनही महामाया त्याच दवाखान्यातून आणायची, आणि घरी जाईपर्यंत ती त्याच टेबलाखाली, त्याच पिशवीत असायची.

३

श्रावण लागला आणि एका सकाळी तिनं पट्टा सोडला तर आतली पट्टी नव्हती.

तिनं आधी पट्ट्यात पाहिलं. अंथरूण झटकलं, खाटेखाली वाकून बघितलं. वीतभर कापड, ते जाईल कुठं?

"बाबा, रात्री सोडलं होतं का तुम्ही?"

"मी कायले सोडू? मले वाकता येते का तिथवर?"

ते खरं होतं. शिवाय गाठ तिचीच होती. दोन वेढे घेऊन टोक आत खोचलेलं, जशी तिच्या आईनं शिकवली तशी. पुंजाजींना ती आयुष्यात कधी जमली नाही.

घातलीच नसेल, तिनं मनाशी म्हटलं. घाईत राहिली असेल. माणूस घरातून निघताना कुलूप लावतो आणि कोपऱ्यावर जाऊन परत येतो, तसंच हे. तिनं नवी पट्टी घातली, या वेळी नीट बघून घातली, टोक बाहेर दिसेल असं ठेवलं.

दुसऱ्या दिवशी गाठ जशीच्या तशी आणि पट्टी गायब.

आणखी एक होतं. पट्टा कोरडा होता. रोज तो पिवळा ओला व्हायचा, वास यायचा, आणि धुताना ती तोंडानं श्वास घ्यायची. आता वास नाही. जखम आतून गुलाबी, चाटूनपुसून ठेवल्यासारखी स्वच्छ. खरं तर तिनं आनंदानं नाचायला हवं होतं. पण चिमटा हातात धरून ती तशीच बसून राहिली आणि तिच्या लक्षात आलं, की चिमटा जखमेजवळ न्यायला आपल्याला भीती वाटते आहे.

"काय झालं वं?" पुंजाजींनी विचारलं.

"काही नाही बाबा. बरी दिसून राह्यली."

"मले मालूम हाये," ते म्हणाले आणि गालात हसले.

४

शेजारच्या कौशल्याबाई दिवसभर पुंजाजींवर नजर ठेवायच्या. त्यांनीच एका संध्याकाळी कुंपणापाशी महामायाला गाठलं.

"माय, तुह्ये बाबा दुपारी वाचतात थे कोणाले?"

वर्षावासात, पावसाळ्याच्या त्या तीन महिन्यांत, दुपारचं ग्रंथवाचन ही विहारातली नेमाची गोष्ट, आणि ते वाचन कित्येक वर्षं पुंजाजींकडं होतं. आवाज खणखणीत, मधूनमधून अर्थ सांगायची हौस. या साली पायानं घरी बसवलं आणि वाचन दुसऱ्याकडं गेलं, ते त्यांना फार लागलं होतं.

"एकटेच वाचत असतील मावशी. सवय आहे त्यांना."

"एकटा माणूस इचारते का, समजलं का म्हणून?" कौशल्याबाई म्हणाल्या. "आन् मंग थांबते का, कोणी हाव म्हणीन म्हणून?"

म्हातारपण, महामायानं स्वतःला समजावलं. एकटेपणात माणूस भिंतीशी बोलतो. पण त्याच आठवड्यात एकदा ती दुपारीच घरी आली. स्कूटी अलीकडंच बंद केली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

दार लोटलेलं होतं. आत वडिलांचा आवाज चालला होता, अगदी विहारातला. एक ओळ वाचली, अर्थ सांगितला. "समजलं?" मग शांतता. आणि त्या शांततेत एक बारीकसा ओला आवाज आला. लहान पोरानं आंब्याची कोय चोखावी तसा.

पुंजाजी हसले. "शाबास!"

तिनं दार ढकललं. ते खाटेवर बसलेले, डावा पाय खाली, उजवा डाव्या गुडघ्यावर घेतलेला, तळवा वर. पट्टा टाचेपाशी खाली सरकवलेला. त्यांनी झटकन त्यावर धोतराचा सोगा ओढला, चोरी पकडली गेलेल्या पोरासारखा.

"वारा लागावा म्हणून," ते म्हणाले.

शेजारच्या स्टुलावर वाटी होती. डॉक्टरांनी त्यांना रोज उकडलेलं अंडं खायला सांगितलं होतं. वाटीत पांढरं तेवढं उरलं होतं. पुंजाजींना बलक कधीच आवडायचा नाही, जन्मात त्यांनी तो खाल्ला नव्हता.

तिनं वाटी उचलली आणि मोरीत नेऊन घासली.

५

"ए महामाया," झेबा टेबलाखाली वाकून म्हणाली, "ती गढूळ पाण्याची बाटली कुठाय? चौथ्या रांगेतलं बदललेलं पाणी. उकळून टाकायची होती ना?"

"कोणती?"

"अगं, सलाईनचीच. खाली पिशवीत ठेवली होती मी. त्यात सगळे तुकडेबिकडे होते यार, झाडं तोडल्यासारखी छाटली होतीस तू त्या दिवशी."

महामाया स्टुलावर बसली. घरच्या फळीवर, कापसाच्या शेजारी, अर्धी संपलेली ती बाटली तिच्या डोळ्यांपुढं उभी राहिली. किती दिवस धूत होती ती बापाची जखम त्या पाण्यानं?

तिनं बुद्धीला कामाला लावलं. मिठाचंच पाणी ते, सलाईनहून जरा खारट इतकंच. आणि हे प्राणी थंड पाण्यातले. माणसाच्या अंगाच्या उबेत उकडून मरतील. शिवाय रक्त आहे, रक्तातले पहारेकरी आहेत, परकं काही टिकू देतील का? शक्यच नाही. कोणाही शहाण्याला विचारा, शक्य नाही असंच म्हणेल.

पण बाबांचा पाय थंड असतो, आणि रक्त तिथवर पोचत नाही, म्हणूनच तर ही वेळ आली.

दुसऱ्या सकाळी ती प्रयोगशाळेतलं भिंग घेऊन बसली. खाट दारापाशी ओढली, म्हणजे उजेड सरळ टाचेवर येईल. पट्टा सोडला. पट्टी नव्हतीच. जखम गुलाबी, गोल, शांत. भिंगातून बराच वेळ काहीच दिसलं नाही आणि तिचा जीव जरासा भांड्यात पडला. वेडी आहेस तू, तिनं स्वतःला म्हटलं.

मग तिनं नवी पट्टी चिमट्यात धरून जवळ नेली.

जखमेची कड उचलली गेली. सगळीकडून एकदम. कडेला पांढुरकी टोकं होती, तांदळाच्या कण्यांएवढी, आणि ती पट्टीकडं वळली. तिच्या हातून चिमटा खणकन फरशीवर पडला. त्या आवाजासरशी टोकं आत ओढली गेली, सगळी मिळून, आणि जखम पुन्हा नुसती जखम झाली.

"भेवाडू नोको त्याले," पुंजाजी हळूच म्हणाले.

६

डॉक्टरांकडं जायचा दिवस जवळ येत होता. सांगावं त्यांना? सांगितलं तर काय करतील? पाय काढतील. आणि इथंच महामायाची शुद्ध हरपायची वेळ आली, कारण आडवं कापल्यावर काय होतं ते त्या जिल्ह्यात तिच्याइतकं कोणी पाहिलेलं नव्हतं. खालच्या तुकड्याला वरचं अंग फुटतं. वरच्या तुकड्याला खालचं. कापलेला पाय ते कुठं टाकतात? आणि घोट्याच्या वर जो काप राहील, त्यातून काय उगवेल? ती मोरीत गेली, नळ सोडला आणि पदर तोंडात कोंबून रडली.

रडून झाल्यावर डोकं चालू लागलं. कॉलेजात जाऊन तिनं चौथ्या रांगेतल्या वाट्या पुढं ओढल्या. ज्यांना नुकते कुठं हात फुटू लागले होते, त्यांच्या जखमांतले केस तिनं चिमट्यानं एकेक उपसून काढले. पाणी बदललं, झाकणं ठेवली. कोणीही हात लावायचा नाही, असं झेबाला बजावलं.

थोड्या दिवसांनी बघितलं तर हात नव्हते. जखमाही नव्हत्या. अंग सपाट, जणू कधी काही झालंच नव्हतं. अडकवलेलं काढून घेतलं आणि सोडून दिलं, एवढ्यावर त्या जिवाला विसर पडला होता.

म्हणजे इतके दिवस घरी तो केस कोणी अडकवून ठेवला होता? तिनंच. रोज सकाळी, न चुकता, मायेनं.

आता दोन्हीकडून मरण होतं. पट्टी घालावी तर ते वाढणार. घालू नये आणि आत पू कोंडला तर डॉक्टर म्हणाल्या तसं घोट्यावरही भागणार नाही. बापाचा पाय पणाला लावायचा आणि तोही वाटीतल्या किड्याच्या भरवशावर! झेबाला विचारावंसं वाटलं, पण काय विचारणार? शेवटी घरी येऊन तिनं जखम खऱ्या सलाईननं धुतली, आत काहीही घातलं नाही, वरून पट्टा बांधला आणि चिकटपट्टीचे वेढे दिले, कोणाला सोडता येणार नाहीत असे.

"हे काऊन?" पुंजाजींनी विचारलं.

"आता हिला हात लावायचा नाही बाबा. वाचायचंही नाही तिच्यापाशी. अंडं सगळं तुम्ही खायचं."

म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. "उपाशी राहीन न वं थे."

"राहू दे!" महामाया ओरडली. बापावर ती जन्मात ओरडली नव्हती. "माझा बाप राहिला पाहिजे मला, दुसरं काही नको!"

त्यांनी भिंतीकडं तोंड फिरवलं. त्यानंतर ती दुपारी कॉलेजला दांडी मारून घरीच बसू लागली. ताप बघायचा, घोट्यावर सूज आहे का ते चाचपायचं. वाचनाच्या वेळेला पट्ट्याच्या आतून तो ओला आवाज यायचा. आधी मोठ्यानं, मग थांबून थांबून. पुंजाजी कानांवर हात ठेवून पडून राहायचे आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी असायचं. ती त्यांच्या उशाशी बसून त्यांचं डोकं चेपायची आणि मनात म्हणायची, मीट बाई, मीट.

एका दुपारी वाचनाची वेळ झाली, टळली, आणि काहीच ऐकू आलं नाही. अंगणात कौशल्याबाई धुणं झटकत होत्या, तेवढाच आवाज.

७

मंजुश्रीबाईंनी कात्रीनं चिकटपट्टी कापली तेव्हा महामायानं डोळे मिटून घेतले होते.

"हे कोणी करायला सांगितलं होतं तुम्हाला?" बाई कडाडल्या. मग त्या थांबल्या. त्यांनी टाच दाबली, बाजूनं दाबली, दिवा जवळ ओढला, पुन्हा दाबली.

"आत काही नाही," त्या म्हणाल्या. "भरून आली आहे. तळापासून भरली आहे. नशीब समजा. पुन्हा असली हुशारी करू नका."

"पाय…?"

"पायाला काय झालं? चालू दे त्यांना. मऊ चप्पल घ्या, अनवाणी फिरायचं नाही."

तिनं डोळे उघडले. टाचेवर नवी कातडी होती, कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ, गुलाबी, आणि तिच्यावर काहीसुद्धा नव्हतं. महामाया हसली, मग रडली, मग दोन्ही एकदम, आणि मंजुश्रीबाईंना शेवटी म्हणावं लागलं की बाहेर पेशंट बसलेत हो. बाहेर आल्यावर तिनं झेबाला फोन लावला आणि नुसतं "वाचला, वाचला" म्हणत राहिली. झेबा म्हणाली, "अगं पण काय वाचला ते तर सांग!" पायात मऊ चप्पल घालून पुंजाजी रस्त्याच्या कडेनं स्वतःच्या पायांनी चालत स्कूटीपर्यंत गेले, तेव्हा तिला ते सगळं खामगाव उराशी धरावंसं वाटलं.

घरी आल्यावर तिनं फळीवरची बाटली चुलीवर रटरटा उकळून ओतून दिली. खिचडी लावली. बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवली. एवढी मोकळी ती कधी झाली नव्हती, आणि तिनं तसं बापाला बोलूनही दाखवलं.

"मले बी बरं वाटते पोरी," पुंजाजी म्हणाले. "विहारात जाईन उद्यापासून. पण आज तुले वाचून दाखवू? आयकतं?"

"हाव बाबा. वाचा न."

ती समोर मांडी घालून बसली. त्यांनी चष्मा लावला, ग्रंथ उघडला आणि सवयीनं उजवा पाय डाव्या गुडघ्यावर घेतला, तळवा वर. आवाज पहिल्यासारखाच खणखणीत होता. एक ओळ वाचली. अर्थ सांगितला. मग ते थांबले.

"समजलं?" त्यांनी विचारलं. मान खाली होती, नजर टाचेवर होती.

"हाव बाबा, समजलं!" महामाया घाईघाईनं म्हणाली, कारण दुसऱ्या कोणी उत्तर द्यायच्या आत तिला ते द्यायचं होतं.